शालनच्या गोळ्या

॥ श्री ॥

सांगली,
ता. १२ जानेवारी १९७८

चि. कृष्णातास, रंगूताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी हातातलं काम खाली ठेव, बनूला चुलीपुढून उठवून बोलाव आणि मग पुढचं वाच. शालनच्या पायाचं ऑपरेशन टळलं! दवाखान्याच्या भाषेत ते लांबणीवर पडलं आहे, पण मी माझ्या मनात ते कधीच रद्द करून टाकलं.

झालं असं, की इथल्या दवाखान्यात डॉ. उपळेकर म्हणून नव्या बाई आल्या आहेत. वयाने माझ्याहून लहान, आवाज मात्र हेडमास्तरणीचा. त्यांनी तुझ्या लेकीचे चार वर्षांतले सगळे एक्स-रे मागितले आणि खिडकीच्या काचेला ओळीने लावून कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. आधी डावी नडगी, मग उजवी, मग गळ्याखालचं आडवं हाड, पुन्हा नडगी. एक बरं व्हायला लागलं की दुसरं सुजायचं, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलंच आहे. बाई म्हणाल्या, की दोनदा चिरलं, दोन्ही वेळा पू तपासायला पाठवला आणि त्यात जंतू एकदाही सापडला नाही, तर मग आपण इतकी वर्षं इंजेक्शनं देऊन मारतोय कुणाला? साताऱ्याच्या डॉक्टरांनी हाडाचा क्षय समजून औषध केलं, त्यांनाही त्या दोष देत नाहीत. हजारो पोरांत एखाद्यालाच होणारा हा आजार, आत्ता कुठे परदेशातले डॉक्टर त्यावर लिहायला लागलेत म्हणे. त्याला धड नावसुद्धा ठरलेलं नाही.

मला समजावं म्हणून त्यांनी सोपं करून सांगितलं. आपल्या अंगात एक राखणदार असतो, तो चोर आला की काठी घालतो. शालनचा राखणदार चोर नसतानाच घरच्यांना बडवत सुटतो आणि त्याचा सगळा राग हाडांवर. त्याला शांत करायला त्या सांध्यांच्या सुजेवरची एक गोळी सुरू करणार आहेत. सकाळ-संध्याकाळ, पोटात दोन घास गेल्यावर, उपाशीपोटी कधीच नाही. कितीतरी महिने, कदाचित वर्षंसुद्धा.

मोठ्या डॉक्टरांना हे पटलेलं नाही. नडगीचा सुजका भाग काढून टाकावा, पाय थोडा आखूड राहील पण दुखणं मिटेल, असं त्यांचं मत. बाईंनी त्यांच्याकडून थोडे महिने मागून घेतले आहेत. तेवढ्यात गुण आला पाहिजे, नाही तर सुरी आहेच.

शालनला हे सांगितल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, की मग मला फुगडी घालता येईल का. आमचे हे हळदीच्या बाजारातून पिवळेधमक होऊन आले होते, त्यांनी तसंच तिला उचलून फिरवलं. पोरीचा फ्रॉक अजून धुऊन निघत नाही.

तू फौजेतला गडी, तुला रडू येत नाही, हे मला ठाऊक आहे. मागच्या खेपेला स्टँडवर टोपीने डोळे कोण पुसत होतं, तेही ठाऊक आहे. बनूला माझा आशीर्वाद. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
रंगूताई

*

मु. आंबेवाडी, ता. कराड,
ता. २१ जानेवारी १९७८

ती. स्व. रंगूताईस, कृष्णातचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी गुऱ्हाळावर होतो. तिथेच वाचलं, मग मोठ्याने वाचलं, मग चुलवाणावरच्या गड्याने पुन्हा वाचायला लावलं. त्या नादात रसाचं एक आधण करपलं. त्या करपलेल्या गुळाच्या ढेपेला सगळे आता शालनची ढेप म्हणतात.

बनूला तुझ्यासारखं एका दमात पटत नाही. ती म्हणाली, की जंतूच न्हाईत तर पू आला कुटनं, आन् एवढीशी गोळी हाडापतुर पोचल का. मी तिला राखणदाराची गोष्ट सांगितली. त्यावर तिने विचारलं, की मग आपल्या लेकीचाच राखणदार असा डोकं फिरलेला का निघावा, आमी कुणाचं काय वाईट केलतं. बाईंना विचार, हे आईबापामुळे तर होत नाही ना? बनू रात्रंदिवस तेच धरून बसली आहे. गरोदरपणी विहिरीवर पाय घसरला होता, तेही आता तिने उकरून काढलं आहे.

बाकी गोळीचं सांगशील तर माझ्याकडून चूक व्हायची नाही. मी पलटणीत नाईक होतो तेव्हा आम्हाला मलेरियाची गोळी रांगेत उभं करून द्यायचे आणि तोंड उघडून दाखवल्याशिवाय हलू द्यायचे नाहीत. शालन घरी आली की तीच शिस्त. त्या थोड्या महिन्यांत गुण येऊ दे एवढंच मागणं. पोरीचा पाय आखूड झाला तर ती जन्मभर लोकांची नजर झेलत चालणार, हा विचार आला की शेतातसुद्धा मन लागत नाही.

सांगलीला निघालेल्या ज्ञानूबरोबर काकवीचा डबा पाठवला आहे. दाजींना नमस्कार सांग आणि शालनला सांग, पाखऱ्या बैल रोज तिची वाट बघतो. आमच्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझा भाऊ,
कृष्णात

*

सांगली,
ता. ५ मार्च १९७८

चि. कृष्णातास, अ. उ. आशीर्वाद.

बनूचं उत्तर आधी. मी बाईंना विचारलं तर त्या चष्मा काढून म्हणाल्या, की आईबापाच्या चुकीने हा आजार होत नाही, तिच्या आईला सांगा की विहीर विसरा. शब्द त्यांचेच लिहिले आहेत, बनूला वाचून दाखव.

आता माझं ऐक. तुझी लेक परवा घाटावरून गणपतीच्या देवळापर्यंत चालत गेली! मी मागून धापा टाकत आणि ती पुढे. नडगीची सूज उतरली, ताप नाही, गळ्याखालचा उंचवटा बोटाने शोधावा लागतो. पहिला आठवडा काहीच दिसेना तेव्हा माझा धीर सुटला होता, खोटं कशाला सांगू. मग एका सकाळी हिने जमिनीवर मांडी घालून भाकरी खाल्ली. कुणी सांगितलं नव्हतं, तिच्याही लक्षात नव्हतं. मी पोळपाटावर लाटणं तसंच सोडलं आणि यांना हाका मारत सुटले. शेजारच्या बयाबाईंना वाटलं, घरात साप निघाला.

मोठे डॉक्टर नडगी दाबून बघतात आणि हुं म्हणतात. बाई म्हणाल्या, की त्यांचं एवढं हुं म्हणजे दुसऱ्याचं भाषण समजा. परीक्षा झाली की तिला घेऊन जा. पण बाईंनी दहा वेळा बजावलं आहे, की बरं वाटतं म्हणून गोळी सोडायची नाही. राखणदार झोपला आहे, मेलेला नाही.

खाली तिला दोन ओळी लिहायला जागा सोडते. लोभ कमी पडला तर मागून घेईन, संकोच करणार नाही.

तुझी,
रंगूताई

ती. आण्णांना व आईला शालनचा नमस्कार. मी बरी आहे. आत्याकडे रोज आमटीत हळद जास्त असते. पाखऱ्याला पेंड घालत जा. त्याची शिंगं रंगवाल तेव्हा मी असल्याशिवाय रंगवू नका.

*

मु. आंबेवाडी,
ता. ५ जुलै १९७८

ती. स्व. ताईस, शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मला लिहावंसं वाटत नाही.

शालनचं दुखणं परतलं. पंधरवड्यापासून पोरगी सकाळी उठताना पाय धरून बसते. दोन्ही नडग्या गरम लागतात. परवापासून बारीक ताप आहे. विचारलं तर दुखत न्हाई म्हणते आणि गोठ्यात जाऊन बसते. पाखऱ्याही पेरणीपासून लंगडतो आहे, त्याच्याजवळ तिचा सगळा दिवस जातो. बेंदूर तोंडावर आला. वेशीतलं पानांचं तोरण, म्हणजे आपला कर, तोडायचा मान आपल्या घरच्या बैलाचा, आणि गावात कुजबुज सुरू झाली आहे की या साली तो मान दुसऱ्याला द्यावा लागणार. खरं सांगतो ताई, मला त्याचं काही वाटत नाही. दोघं लंगडे गोठ्यात एकमेकांकडे बघत बसलेले दिसले की मी तिथून निघून जातो.

गोळीत कसूर नाही. बनू दोन्ही वेळेला भाकरीबरोबर तिच्या हातावर ठेवते. तरीही असं झालं, म्हणजे गोळी हरली असंच म्हणायचं. मोठे डॉक्टर म्हणत होते तेच खरं निघालं. तू त्यांना भेटून तारीख ठरव. बनूने अन्न सोडल्यात जमा आहे.

तुझा,
कृष्णात

*

सांगली,
ता. ११ जुलै १९७८

चि. कृष्णातास आशीर्वाद.

दोघांना भेटले. बाईंचं तोंड उतरलं. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, की गोळी रोज पोटात जाते आहे ना. मी थोडी चिडूनच म्हणाले, की माझा भाऊ फौजी आहे, त्याच्या घरी हजेरी लागते. मोठ्या डॉक्टरांनी सोमवार, चोवीस तारीख दिली आहे. ते वाईट मनाने बोलत नाहीत रे. म्हणाले, की पोर रोज कळा सोसते त्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

त्याआधीच्या शुक्रवारी तिला घेऊन ये. बनूलाही आण, इथे माझ्याजवळ राहील. तिला जबरदस्तीने दोन घास खायला घाल, माझं नाव सांग. मी खंबीर आहे असं समजून तुम्ही दोघं माझ्यावर भार टाका.

तुझी,
ताई

*

मु. आंबेवाडी,
ता. १९ जुलै १९७८, बेंदूर

ती. स्व. रंगूताईस, शि. सा. न. आणि वर आणखी एक साष्टांग!

माझी तार मिळाली असेल. कराडच्या तार ऑफिसातल्या माणसाने दोनदा विचारलं, की मजकूर हाच आहे ना. हाच आहे म्हटलं, लाव. आता सगळं नीट सांगतो.

काल खांदमळण होती. बेंदराच्या आदल्या सांजेला बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात, ते तुला सांगायला नको. मी लोण्याची वाटी घेऊन गोठ्यात गेलो तर शालन पाखऱ्याच्या तोंडाशी पाठमोरी बसलेली. पिठाचा उंडा करून त्यात बोटाने खळगा पाडत होती. मला वाटलं, गूळ भरतेय. वाकून बघतो तर उंड्यात गोळी! तिची गोळी, ताई! उपळेकर बाईंची!

माझ्या हातातून वाटी पडली. मी विचारलं, की हे कवापासनं चाललंय. ती दचकली, पण पळाली नाही. म्हणाली, की आण्णा, मला आता दुखत न्हवतं, पाखऱ्याला लय दुखतंय. मी कर तुटायच्या आधी त्याला बरा करणार हाय. बाईनी सांगितलं न्हवतं का, ही हाडाचीच गोळी हाय म्हून? पेरणीपासून पठ्ठी हे करत होती. बनू हातावर गोळी ठेवायची, ही भाकरीचा तुकडा तोंडात आणि गोळी मुठीत घेऊन गोठ्यात. आणि स्वतःचे पाय दुखायला लागले तरी बोलली नाही. का, तर गोळ्या परत मागतील आणि बैल मागे पडेल.

ताई, हात उगारला होता मी. तो तसाच वर राहिला आणि मग काय झालं कळलं नाही, मी तिला पोटाशी धरून हसायला लागलो. बनू धावत आली, तिला वाटलं मला काही झालं. मी ओरडत होतो, की अगं गोळी हरली न्हाई, गोळी हरली न्हाई! ती पोटात गेलीच न्हवती! बनू पहिल्यांदा माझ्यावरच उखडली, की तुमी लष्करातलं ना, तोंड उघडून का न्हाई बघितलं. आहे की नाही? रांगेत उभं करण्याची बढाई मारणाऱ्या माणसाच्या गोठ्यात बैल औषध खातोय आणि नाईकसाहेब गुळाचे भाव बघतायत.

पाखऱ्याचं म्हणशील तर एवढ्याशा गोळीने त्या धुडाला काय होतंय. आज सकाळी बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री मारणारा लालासाहेब आला, त्याने खूर उचलला तर खिळा तिरका जाऊन आत रुतलेला. काढला, तेल सोडलं. दुपारी बैलाने कर तोडला, जरा पाय आखडतच, पण तोडला. शालनला मी खांद्यावर घेतलं होतं. तिच्या अंगात ताप होता आणि ती सगळ्या गावात जोरात ओरडत होती.

कालपासून गोळी तिच्या पोटात जाते आहे. तोंड उघडून, जीभ वर करून, बनूसमोर. मोठ्या डॉक्टरांच्या पाया पड, पण सोमवार पुढे ढकल. आम्ही शुक्रवारी येतोच. अशा बावळट भावावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
कृष्णात

*

सांगली,
ता. २० ऑगस्ट १९७८

चि. कृष्णातास आणि चि. सौ. बनूस आशीर्वाद.

तुम्ही इथून गेल्यापासून मला त्या तारेचं सगळं सांगायचं होतं, शालनसमोर नीट सांगता आलं नाही. दारात तारवाला म्हटल्यावर मी यांनाच पुढे केलं. यांनी तार उघडली, वाचली, उलटी करून पाहिली आणि माझ्या हातात दिली. “ऑपरेशन थांबवा. औषध बैलाने खाल्ले. कृष्णात.” हे हळूच म्हणाले, की मेव्हण्याच्या डोक्यावर परिणाम झाला वाटतं, पोरीचं दुखणं सोसलं नाही. मी तशीच तार घेऊन दवाखान्यात धावले. बाईंनी वाचली आणि खुर्चीतून ताडकन उठल्या. त्यांना एका क्षणात कळलं! मला हाताला धरून ओढतच मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तार वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, की बैलाची प्रकृती आता कशी आहे. मग जे हसले ते बाहेरची नर्स आत डोकावली.

पण नुसतं हसून मोकळे झाले नाहीत. म्हणाले, की गोळी असताना सूज उतरते आणि गोळी थांबली की चढते, याहून चांगला पुरावा मला तरी मिळाला नसता. सुरी आता राहू द्या, बाईंचं औषध चालू द्या.

पोरीची सूज गेल्या आठवड्यापासून उतरायला लागली आहे, ताप तर नाहीच. बाईंनी परवा मला बाहेर बसवलं आणि शालनशी एकटीशी बोलल्या. दुखत नसताना गोळी कशाला, हे तुला सांगितलं, मला सांगितलं, बनूला सांगितलं. जिने गिळायची तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं बघ. आजार मोठं होईपर्यंत मधूनमधून डोकं वर काढेल, हेही त्यांनी तिच्यापासून लपवलं नाही. बाहेर आली ती एकदम शहाणी होऊन. मला म्हणाली, की आत्या, दुखत न्हाई म्हंजे गोळी कामावर हाय.

दिवाळीनंतर घरी पाठवते. उन्हाळ्यात पुन्हा एक्स-रे काढायचे आहेत, तेव्हा तूच घेऊन ये. ख्यालीखुशाली कळवण्यात आळस नको.

तुझी,
रंगूताई

*

मु. आंबेवाडी,
ता. ६ मे १९७९

ती. स्व. रंगूताईस, शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. आज सकाळपासून हे पत्र मनात लिहितो आहे.

दवाखान्यात तू होतीसच. बाईंनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी लावून नडगी भरून आलेली दाखवली तेव्हा मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पांढऱ्यात काळं आणि काळ्यात पांढरं. तुम्ही सगळे आनंदाने बोलत होता म्हणून मीही मान हलवली. गोळी अजून चालूच राहणार, एखादेवेळी पुन्हा दुखेलही, हे मात्र नीट कळलं आणि पटलं. त्याची आता भीती वाटत नाही. पण खरा आनंद मला दवाखान्यात झालाच नाही, तो झाला कराडच्या स्टँडवर.

सांगलीची गाडी उशिरा पोचली. आमची गावाकडची शेवटची गाडी सुटून फाटकाकडे निघालेली. माझ्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दाजींनी दिलेली हळद. मी म्हणालो, की जाऊ दे पोरी, गेली, आता स्टँडवरच पथारी टाकू. शेजारी बघतो तर शालन नाही! ती गाडीमागे सुटली होती, ताई. वेणी उडतेय, चपला हातात, दोन्ही पाय असे टाकतेय की जणू दुसऱ्या कुणाची पोर. फाटकापाशी तिने गाडी गाठली आणि पत्र्यावर थापा मारमारून ती थांबवली.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा कंडक्टर दारात उभा राहून तिला फैलावर घेत होता. म्हणत होता, की अक्कल हाय का न्हाई गं तुला, एवढं जोरात पळत्यात व्हय, पडली असतीस तर पाय मोडला असता न्हवं! गाडीतले सगळे बघत होते. ती खाली मान घालून हसत होती.

बनू आणि मी तिला गेल्या पाच वर्षांत किती गोष्टींसाठी रागावलो असू, पण पळते म्हणून तिला आजवर कुणी बोललं नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि त्या कंडक्टरला हात जोडून म्हणालो, की मास्तर, आणखी एकदा रागवा तिला.

तुम्हा दोघांच्या मायेचा भुकेला,
कृष्णात